सुरकुतलेलं पान, दोन कारणं: कुंडीतल्या सक्युलंट्सच्या दुरुस्तीच्या नोंदी

२ फेब्रुवारी

सक्युलंट्सच्या (पानांत-खोडात पाणी साठवणाऱ्या झाडांच्या) आजारी कुंड्या बाकीच्यांपासून वेगळ्या काढून एका फळीवर मांडल्या. प्रत्येक कुंडीला क्रमांक दिला. क्रमांक पेन्सिलीने लिहिले, कारण मार्करची शाई उन्हात उडते.

नोंदवहीत चार रकाने आखले: लक्षण कुठून सुरू झालं (खालची पानं, शेंडा की उन्हाकडची बाजू), पान हाताला कसं लागतं, माती किती ओली आहे, मुळं कशी दिसतात. चौथा रकाना भरल्याशिवाय पाणी, औषध, खत काहीच द्यायचं नाही. पान सुरकुतलं की बहुतेक जण आधी पाणी घालतात. मुळं शाबूत असतील तर ते बरोबर, कुजलेली असतील तर झाड त्यानेच जातं.

साहित्य: एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, पातळ पात्याची सुरी, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानकोरण्याचे कापूस लावलेले बोळे, मऊ ब्रश, बांबूच्या काड्या, २ आणि ६ मिलीमीटरच्या चाळण्या, भिंग, हातमोजे.

प्रत्येक कुंडीची दोन वजनं लागतात: भरपूर पाणी घालून निथळल्यावरचं आणि पूर्ण कोरडी झाल्यावरचं. १० सेंटीमीटरच्या प्लास्टिक कुंडीत हा फरक साधारण १०० ग्रॅमचा येतो. एकदा हे आकडे लेबलवर लिहिले की माती उकरून बघायची गरज राहत नाही. वरची माती दोन दिवसांत पांढरी पडते, तळाशी मात्र चिखल असू शकतो. काटा नसेल तर बांबूची काडी तळापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढावी. ती ओलसर किंवा गडद निघाली तर पाणी नको.

४ फेब्रुवारी

कुंडी ३ आणि कुंडी ११, दोन्ही एचेव्हेरिया. दोन्हींची पानं सुरकुतलेली, गुलाब (पानांचा गुलाबासारखा झुबका) मलूल. लांबून बघणारा दोन्हींना एकच रोग सांगेल.

कुंडी ३: खालची पानं कागदासारखी वाळलेली, मधली पातळ पण चिवट. बोटांत दाबली की वाकतात, फुटत नाहीत. खोड टणक. वजन कोरड्या आकड्याच्याही खाली. कुंडी उलटी केली तर मातीचा गोळा भिंतीपासून सुटलेला, मुळं पिवळसर पांढरी आणि चिवट. हे झाड खरंच तहानलेलं आहे.

कुंडी ११: पानं सुरकुतलेली, पण खालची दोन-तीन पिवळट आणि काचेसारखी आरपार दिसणारी. बोट लावताच गळतात. माती ओली, वजन निथळल्यावरच्या आकड्याजवळ. मुळं तपकिरी. दोन बोटांत धरून ओढली की वरची साल हातात येते आणि आत दोऱ्यासारखा गाभा उरतो. मुळकूज. मुळंच नाहीत, म्हणून ओल्या मातीत बसून झाड तहानलेलं आहे.

एकाच लक्षणाची ही दोन टोकं. ज्यांना झाड उपटायचं नसेल त्यांच्यासाठी एक कमी त्रासाची कसोटी आहे, पण माती कोरडी असेल तरच ती वापरायची. एकदा भरपूर पाणी द्या आणि तीन-चार दिवस थांबा. पानं फुगली तर मुळं चालू आहेत. जशीच्या तशी राहिली तर दुसऱ्यांदा पाणी देऊ नका, झाड उपटा.

कुंडी ३ ला वरून पाणी घातलं तर ते भिंत आणि गोळ्याच्या फटीतून सरळ खाली गेलं आणि वजन फक्त ८ ग्रॅमने वाढलं. मातीतलं पीट (कुजलेल्या शेवाळाचा भुसा) पूर्ण वाळलं की पाणी शोषतच नाही, परतवून लावतं. म्हणून कुंडीच्या निम्म्या उंचीइतक्या पाण्यात अर्धा तास बसवली, मग निथळू दिली. आता वजन बरोबर.

५ फेब्रुवारी

कुंडी ११ ची शस्त्रक्रिया. माती पूर्ण झटकून मुळं धुतली, कुजलेली सगळी कापली. खोडाचा तळ काळा होता म्हणून तिथून वर अर्ध्या अर्ध्या सेंटीमीटरच्या चकत्या काढत गेलो. प्रत्येक कापानंतर पातं अल्कोहोलने पुसायचं. हे टाळलं तर आपणच बुरशी वरच्या निरोगी भागात नेऊन ठेवतो.

कुठे थांबायचं? कापलेला भाग पूर्ण स्वच्छ फिकट हिरवा किंवा पांढरट दिसला की. मधल्या वर्तुळात तपकिरी किंवा केशरी ठिपका दिसत असेल तर कूज नळ्यांतून वर चढलेली आहे. 'एवढ्याशाने काय होतंय' म्हणून तो ठिपका सोडला की आठवड्याभरात पुन्हा तेच करावं लागतं. इथे चौथ्या चकतीला काप स्वच्छ लागला. गुलाबाखाली २ सेंटीमीटर खोड उरलं, पुरेसं आहे.

कापावर गंधकाची भुकटी लावली. दालचिनीची पूड बरेच जण लावतात. जखम कोरडी ठेवायला तिची थोडी मदत होते, पण आत पोहोचलेल्या कुजीला ती थांबवत नाही, आणि मुळांवर लावली तर चांगली मुळंही सुकवते.

शेंडा सावलीत, हवेशीर जागी, मातीविना. पातळ खोडाला खपली धरायला तीन ते पाच दिवस लागतात, अंगठ्याएवढ्या खोडाला आठवडा, निवडुंग किंवा अडेनियमच्या जाड कापाला दोन आठवडेही. या काळात झाड सुरकुततं. ते सुरकुतणं चालतं.

याच फळीवरची कुंडी १४ मात्र सरळ पिशवीत बांधून टाकली. खोडाचा लगदा झालेला आणि दुर्गंधी. असा वास आला की जिवाणूंची कूज समजायची. ती काही दिवसांतच सगळं झाड पोखरते, कापाकापीत वेळ घालवू नये. कुंडी पुन्हा वापरायची असेल तर घासून धुऊन एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी या द्रावणात अर्धा तास बुडवावी आणि मग स्वच्छ पाण्याने धुवावी.

८ फेब्रुवारी

माती. निम्म्याहून अधिक कुंड्यांचं दुखणं इथून सुरू झालेलं दिसतं, म्हणून सविस्तर.

रोपवाटिकेतून आलेल्या बहुतेक झाडांची मुळं जवळजवळ शुद्ध कोकोपीट किंवा पीटमध्ये असतात. तिथे रोज नजर असते, हवा खेळती असते, त्यामुळे चालून जातं. घरात तोच गोळा तळाशी आठवडाभर ओला राहतो. मुळांना ओल आणि हवा एकाच वेळी लागते. शेतात ज्याला वाफसा म्हणतात तोच कुंडीत हवा असतो.

ठरवलेलं मिश्रण, मापाने: ३ भाग प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखीचा खडा; ३ ते ६ मिलीमीटर), १ भाग जाड वाळू (२ ते ४ मिलीमीटर), १ भाग धुतलेलं कोकोपीट, १ भाग चाळलेलं कुजलेलं कंपोस्ट. प्युमिस नसेल तर परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे पांढरे, हलके कण) किंवा पक्क्या भाजलेल्या विटेचा त्याच आकाराचा चुरा चालतो. परलाइट हलकं असल्याने पाण्याबरोबर वर तरंगत येतं, एवढाच त्याचा त्रास. हॅवॉर्थिया आणि गॅस्टेरियाला कंपोस्ट-कोकोपीटचा वाटा निम्म्यापर्यंत चालतो. लिथॉप्सला (दगडासारखं दिसणारं, पानांच्या एकाच जोडीचं झाड) तो दहावा-पाचवा भाग पुरे.

चाळणी करणं कंटाळवाणं आहे, पण तेच खरं काम. २ मिलीमीटरच्या चाळणीतून खाली पडेल ते सगळं बाहेर. बारीक रेती निचरा सुधारत नाही, मोठ्या खड्यांमधल्या पोकळ्या बुजवते. कोकोपीट पाण्याचा रंग फिका होईपर्यंत तीन-चार वेळा धुतलं, कारण त्यात क्षार राहिलेले असतात.

तळाशी खड्यांचा थर घातला नाही. 'निचऱ्यासाठी खडे' हा सल्ला फार पसरलेला आहे आणि चुकीचा आहे. बारीक कणांच्या थरातलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. वरचा थर पुरता भिजेपर्यंत ते तिथेच धरून राहतं. म्हणजे जो ओला पट्टा कुंडीच्या तळाला असायचा तो खड्यांच्या वर, मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा ठेवला की माती सांडत नाही, बास. या पट्ट्याची जाडी कणांच्या आकारावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. म्हणून तीच माती उथळ ताटलीत भरली तर त्या मानाने अधिक ओली राहते. उथळ भांड्यासाठी मिश्रण आणखी भरड करावं लागतं.

कुंडीचा व्यास मुळांच्या गोळ्यापेक्षा २ ते ३ सेंटीमीटर जास्त, त्याहून मोठी नको. जिथे मुळंच नाहीत ती माती कोण सुकवणार?

१० फेब्रुवारी

कुंडी ११ चा शेंडा खपली धरून कोरड्या मिश्रणावर बसवला. पाणी नाही. मुळं फुटल्यावर पहिलं पाणी द्यायचं. शेंडा अगदी हलकेच हलवून बघायचा, अडला की मुळं धरली.

१५ फेब्रुवारी

पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. कुंडी ६, ७ आणि ९. पानांच्या बेचक्यात कापसाचे कण, खाली चिकट थर, त्यावर काळी बुरशी. नवी पानं वाकडी. कुंड्यांच्या कडेने मुंग्यांची रांग होती, तिच्यामुळेच आधी लक्षात आलं. मुंग्या त्या गोड चिकट्यासाठी किडीची राखण करतात, पिल्लं एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. रांग दिसली की कीड शोधायची, मुंग्या मारून भागत नाही.

बोळा ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून प्रत्येक पांढऱ्या कणाला टेकवला. मेण विरघळलं की आतला किडा तपकिरी-गुलाबी दिसतो, तो मेला. ९० टक्क्यांच्या वरचं अल्कोहोल लवकर उडून जातं आणि किडीवर पुरेसा वेळ टिकत नाही. काम सावलीत करायचं आणि झाड वाळेपर्यंत उन्हात ठेवायचं नाही. ज्या एचेव्हेरियाच्या पानांवर पांढरी भुकटी असते तिथे बोळा लागेल तेवढी भुकटी जाते आणि त्या पानावर परत येत नाही. दिसायला वाईट, झाडाला चालतं.

एका फेरीत मिलीबग संपत नाही. कापसाच्या पिशवीत शेकडो अंडी असतात आणि अल्कोहोल त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. दर सात दिवसांनी, किमान चार फेऱ्या. दुसऱ्या फेरीला झाड स्वच्छ दिसतं आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. महिन्याभराने कीड 'परत येते' ती त्या उरलेल्या अंड्यांतून.

झाडं जास्त असतील तर फवारा: १ लिटर कोमट पाण्यात ५ मिलिलिटर कडुलिंबाचं तेल आणि १ ते २ मिलिलिटर सौम्य द्रवरूप साबण. आधी तेल आणि साबण एकजीव करायचं, मग पाणी घालायचं. ऊन उतरल्यावर फवारायचं. पानांवर तेलाचा थर असताना कडक ऊन लागलं तर भाजल्याचे डाग पडतात.

२२ फेब्रुवारी

दुसरी फेरी. कुंडी ७ वर पानांत काही नाही, तरी झाड वाढत नाही. उपटून पाहिलं. मातीच्या गोळ्याच्या बाहेरच्या अंगाला आणि कुंडीच्या भिंतीवर निळसर पांढरी भुकटी, तिच्यात तांदळाच्या कणीएवढे किडे. मुळांवरचा मिलीबग. परलाइटच्या कणाशी गल्लत होते. नखाने दाबून बघायचं: परलाइट कुरकुरतं, किडा चिरडतो.

माती पूर्ण धुऊन टाकली, ती दुसऱ्या कुंडीत वापरायची नाही. मुळं निम्मी छाटली, साबणाच्या पाण्यात बुडवून ब्रशने साफ केली, तीन दिवस सुकवून नव्या मिश्रणात लावली. शेजारच्या कुंड्या ताटल्यांसकट वेगळ्या केल्या, कारण ही पिल्लं तळाच्या भोकातून निथळलेल्या पाण्याबरोबर पसरतात. सगळी फळीच ग्रासली असती तर मातीतून इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक द्यावं लागलं असतं, लेबलवरच्या मात्रेनेच, आणि फुलोऱ्यातल्या झाडांना अजिबात नाही. ते मध-परागातून मधमाश्यांपर्यंत पोहोचतं.

१ मार्च

लांबलेली झाडं: कुंडी १, २, ८. दोन पानांमधलं अंतर वाढलेलं, पानं खाली झुकलेली, रंग फिका, खोड खिडकीकडे वळलेलं. प्रकाश कमी. इथे खत देणं म्हणजे आगीत तेल. नत्राने ती आणखी लांब आणि पोकळ वाढतात.

लांबलेलं खोड प्रकाशात नेऊन पुन्हा आखूड होत नाही. नवी वाढ तेवढी घट्ट येते. म्हणून शेंडा छाटायचा: गुलाबाखाली ३ सेंटीमीटर खोड ठेवून एका सरळ कापात. खालच्या बुंध्यावर चार ते सहा पानं राहू दिली. त्यांच्या बगलेतले डोळे दोन ते चार आठवड्यांत फुटतात. बुंधा पूर्ण बोडका केला तरी फुटतो, पण उशिरा. मधली पानं देठासकट अलगद वळवून काढली. बूड पूर्ण निघालं तरच त्यातून रोप येतं, अर्ध्यावर तुटलेलं पान फुकट.

खिडकी पुरेशी नसेल तर पांढरा एलईडी दिवा झाडापासून २० ते ३० सेंटीमीटरवर, दिवसाला १२ ते १४ तास. रात्री तो बंदच हवा. बहुतेक सक्युलंट्स रात्री पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात आणि दिवसा वापरतात, त्यांना अंधार लागतो.

९ मार्च

लिथॉप्स (कुंडी १७): पानांची बाहेरची जोडी सुरकुततेय, फटीतून नवी जोडी डोकावतेय. काही करायचं नाही. जुनी पानं पूर्ण कागदी होईपर्यंत पाणी बंद. आत्ता दिलं तर जुनी जोडी तशीच फुगलेली राहते, नवीचा गळा आवळला जातो आणि झाड फुटतं किंवा सडतं.

१४ मार्च

प्रकाशात हलवलेल्यांपैकी कुंडी ५ वर दक्षिणेच्या बाजूला फिकट तपकिरी डाग, खोलगट, कोरडे. ऊन लागून भाजलेत. ओळखायची खूण जागा: फक्त उन्हाकडची बाजू, आणि जिथे वरच्या पानाची सावली पडते तिथे डागाची कड एकदम थांबलेली. बुरशीचा डाग अशी दिशा पाळत नाही आणि दिवसागणिक वाढतो. भाजलेला डाग वाढत नाही आणि जातही नाही. पान कापायचं नाही, उरलेला हिरवा भाग काम करतोच.

सवय लावण्याचा क्रम: सकाळचं कोवळं ऊन एक तास, दर दोन-तीन दिवसांनी अर्धा ते एक तास वाढवत, दोन-तीन आठवड्यांत पूर्ण. मधे आकाश ढगाळ राहिलं तर पुढे उडी मारायची नाही, आधीच्या टप्प्यावरून चालू करायचं. पानांच्या कडा लाल-जांभळ्या होणं म्हणजे भाजणं नव्हे. पान टणक असेल तर तो रंग उन्हाचा आणि थंडीचा, राहू द्या.

२१ मार्च

कुंडी १९ (युफोर्बिया) आणि २० (निवडुंग), दोन्हींवर तपकिरी खरखरीत थर. निवडुंगावर तो बुडापासून वर चढलेला, लाकडासारखा कडक. वयाने येतो, तक्रार नाही. युफोर्बियावर शेंड्याच्या कोवळ्या भागावर, गंजासारखा. खाली पांढरा कागद धरून टिचकी मारली, कण पडले, त्यातले काही चालू लागले. लाल कोळी. कोरडी, उष्ण, कोंदट हवा त्यांना मानवते.

पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने धुतलं, मग पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम. तापमान ३० अंशांच्या वर असेल तर गंधक नको, आणि तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे तर नकोच. दोन्ही एकत्र आले की पानं जळतात. ऊब असली की अंडी तीन-चार दिवसांत फुटतात, म्हणून पुढची फवारणी सात दिवसांच्या आत.

युफोर्बिया कापायचं झालं तर हातमोजे आणि चष्मा. चीक डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे. कापावर पाण्याचा फवारा मारला की चीक लवकर थांबतो.

३० मार्च

मातीवर उडणारी बारीक काळी चिलटं. प्रौढ निरुपद्रवी, मातीतल्या अळ्या कोवळी मुळं कुरतडतात. वरची ३ सेंटीमीटर माती पूर्ण वाळू दिली, १ सेंटीमीटर खडीचा थर दिला, पिवळे चिकट सापळे लावले. ज्या कुंडीत चिलटं तिथे पाणी जास्त होतंय, हे वेगळं सांगायला नको.

६ एप्रिल

कुंडी ११ चा शेंडा मातीत घट्ट अडतो, मधली पानं फुगली. पूर्ण पाणी चालू: भोकातून वाहेपर्यंत, नंतर वजन कोरड्या आकड्यावर येईपर्यंत काही नाही. रोज चमचाभर पाणी घालण्याने वरचे दोन सेंटीमीटर ओले राहतात आणि मुळं वरच अडकतात.

छाटलेली कुंडी २ गेली. कापाच्या वर्तुळात केशरी कड राहिली होती, फ्युझेरियम बुरशीची नेहमीची खूण. ती गुलाबाच्या आतपर्यंत पोहोचलेली असल्याने वर कापायला जागाच नव्हती. पानं काढून ठेवली. ज्यांच्या देठाचा वण स्वच्छ होता तेवढीच.

१८ एप्रिल

कुंडी ४ आणि १२: मातीच्या कुंडीच्या कडेला पांढरी खपली, पानांची टोकं जळकी. जड पाणी आणि खतातले क्षार साठलेत. वरची १ सेंटीमीटर माती खरवडून बदलली, मग कुंडीच्या आकारमानाच्या तिप्पट पावसाचं किंवा आरओचं पाणी हळूहळू ओतून क्षार वाहून घालवले. खाली ताटली ठेवली नाही, नाहीतर तेच पाणी परत वर शोषलं जातं. खत यापुढे वाढीच्या काळात महिन्यातून एकदा, लेबलवरच्या मात्रेच्या चौथाई.

४ मे

कोरफडवर्गातली कुंडी २२: फुलाच्या दांड्यावर आणि पानांच्या बुडाशी ओबडधोबड गाठी. साध्या डोळ्याला न दिसणाऱ्या एका कोळ्याच्या चाव्याने या येतात. कोळी मेला तरी गाठ वाढतच राहते. गाठीभोवती रुंद कापून काढलं, तुकडे बंद पिशवीत. कंपोस्टमध्ये टाकायचे नाहीत. गाठ वाढीच्या टोकातच असती तर झाड ठेवलं नसतं, कारण हे कोळी वाऱ्याने पसरतात.

कुंडी २३, एओनियम: गुलाब मिटलेला, खालची पानं झडताहेत, खोड टणक. उन्हाळ्याची झोप आहे. सावली, महिन्यातून एक-दोनदा थोडं पाणी, खत बंद.

कुंडी २४, अगेव्ह: दांडा आलाय. फुलल्यावर हे झाड मरणारच, त्याला उपाय नाही. दांडा कापूनही वाचत नाही. बुडाशी तीन पिल्लं आहेत. त्यांना स्वतःची मुळं आली की सुरीने वेगळी करायची, चार-पाच दिवस सुकवायची आणि ८ फेब्रुवारीच्या मिश्रणात लावायची.